कमानीचा हिरवा दिवा

बंदरावरच्या कमानीत रेश्मा तांडेलने पाऊल टाकलं आणि पुन्हा लाल दिवा लागला.

"मनात भीती आहे. माल थांबणार," कस्टमचा साळगावकर म्हणाला.

"अरे, पेट्यांत जिवंत शेवंडी आहेत, लॉबस्टर! उन्हात मरतील याची भीती आहे ती, चोरीची नाही!"

"कमान कारण विचारत नाही, बाई. ज्याला भीती नाही, त्याचा माल आम्ही उघडूनही बघत नाही. नाहीतर व्यापार चालेल का?"

तेवढ्यात मागून एकजण शीळ घालत आला आणि कंटेनरसकट हिरव्या दिव्यातून निघून गेला.

दुपारी शेवटच्या शेवंडीची मिशी हलायची थांबली. रेश्मा पेटी उचलून कमानीत शिरली. दिवा हिरवा झाला.

"जमलं की! न्या आता," साळगावकर हसला.

तिने पेटी त्याच्या टेबलावर उपडी केली.

"घे. आता भ्यायला उरलंय काय?"