डावीकडची वेस

सरकून बसा जवळ, माउली, एका विसराळू माणसाची गोष्ट सांगतो. तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरणारा म्हातारा होता. सेनापतीनं त्याच्याकडून शत्रूच्या तटबंद शहराचं चित्र कोरून, छापून घेतलं. चित्रात वेस उजवीकडे होती. फौज उजवीकडून गेली ती तोफांसकट दलदलीत रुतली. खरी वेस होती डावीकडे.

"पत्र्यावर उलटं कोरलं तरच कागदावर सुलटं उमटतं, हे शेंबडं पोरही जाणतं," चिखलानं माखलेला सेनापती म्हणाला. "चाळीस वर्षं कोरतोयस आणि विसरलास?"

"वय झालं, सरकार."

सेनापतीनं त्याला हाकलून दिलं. म्हाताऱ्यानं हत्यारं गुंडाळली आणि तो न चुकता डावीकडच्या वेशीतून लेकीच्या सासरी नातवाला पाहायला गेला.

असं उलटं उमटलेलं जुनं चित्र कुठं दिसलं, तर त्या बापाची आठवण काढा.