लख्ख बाथरूम

आमच्या सोसायटीचा सांडपाण्याचा प्लांट चालवणारा धम्मपाल कामचुकार आहे, हे मी नाहूरभर सांगत होते. सगळ्या घरांचं सांडपाणी त्याच्या प्लांटात साफ होऊन मागच्या नाल्यात जातं, तिथून खाडीत. पण दोन महिने नुसता फेस आणि घाण वास. नाल्यावरचे बगळेसुद्धा निघून गेले. रविवारच्या मीटिंगमध्ये त्याला काढायचं, हे मीच सगळ्यांच्या गळी उतरवलं होतं.

शनिवारी तो दारात आला. म्हणाला, "आजी, टाकीतले जंतूच ती घाण खातात, पाणी तेच साफ करतात. कुणीतरी बाथरूममध्ये ॲसिड ओततंय, त्यानं ते मरतायत. विंगेतल्या बायका तुमचंच ऐकतात. त्यांना सांगा ना, नाहीतर उद्या माझी नोकरी जाईल."

बायका माझंच ऐकतात, हे खरं. माझं आरशासारखं बाथरूम बघून दर शनिवारी बाटलीभर ॲसिड ओतायला त्या माझ्याकडूनच शिकल्या.

आजची अर्धी बाटली अजून माझ्या हातात होती. ती मी पदराआड घेतली.



"लोकांच्या मोऱ्या काय हुंगत फिरतोस? तुझं कामातच लक्ष नाही रे, धम्मपाल!"