दोन तृतीयांश

कीर्तनाच्या मध्यंतराचा गजर सुरू झाला तेव्हा संचिताच्या हातात हार होता.

"जा गं, पुढे हो," मंडळाच्या विमलाबाईंनी तिला कोपराने ढोसलं. "अण्णांची विद्यार्थिनी म्हणून आज हा मान तुला दिलाय. आणि बुक्का नीट लाव. मागच्या खेपेला कोणीतरी त्यांच्या चष्म्यावर सांडलेला."

अण्णा, म्हणजे संचिताचे सर, समोर गादीवर उभे होते. कॉलेजात त्यांनी जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं, पण डोंबिवली त्यांना ओळखते ती कीर्तनकार म्हणून. आत्ताच त्यांनी गुरुकृपेवर पूर्वरंग, कीर्तनाचा पहिला भाग, रंगवला होता. दृष्टांत त्यांच्याच विषयातला. एक चमकणारा अतिसूक्ष्म कण आपली ऊर्जा शेजारच्या कणाला देतो. मधून प्रकाशाचा किरण जात नाही, की कणाला कण टेकत नाही. फक्त दोघांचा सूर जुळावा लागतो आणि अंतर थोडं असावं लागतं. देणारा मंदावतो, घेणारा उजळतो.

"आणि थोडं म्हणजे किती, महाराजा? सात अब्जांश मीटर. तिथवर निम्मी तरी ऊर्जा पोचते, पुढे ती झरझर आटते. हा आकडा माझा. माझ्या या मुलीने तो प्रबंधात पुढे नेलाय. उद्या सकाळी दहाला तिची पीएचडीची व्हायवा आहे. एकदा टाळ्या होऊ देत."

टाळ्या झाल्या होत्या. संचिताने मान वर केली नव्हती.

कारण दुपारीच तिला चूक सापडली होती. कण एकमेकांकडे कशी तोंडं करून आहेत, यासाठी त्या गणितात एक आकडा घालतात. पाण्यात कण गरागरा फिरतात, तिथे सरासरी दोन तृतीयांश येते. वीस वर्षांपूर्वी सरांनी तीच धरली होती. पण त्यांचे कण पाण्यात नव्हतेच. त्या चपट्या चकत्या होत्या, काचेवर थरांनी पसरलेल्या. त्या वाटेल तशा फिरणार कशा? सहा वर्षांत संचिताने तो आकडा एकदाही तपासला नव्हता. सरांच्या हातून आलेला. प्रसाद कोणी तपासून घेतो का?

आंबिवलीच्या घरी तिने गणित तीनदा करून पाहिलं. सरांना फोन लावला, तर कीर्तनाच्या दिवशी ते फोन बंद ठेवतात. सांगावं, तर ज्या एका आकड्यावर सरांचं नाव उभं आहे तोच पडतो, आणि मागच्याच वर्षी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं. गप्प बसावं, तर उद्या परीक्षकांसमोर खोट्यावर पदवी घ्यायची.

तिने हार घातला. बुक्क्यासाठी बोट वर नेताना ती पुटपुटली, "सर, सात चुकीचंय."

सरांच्या हातातल्या चिपळ्या थांबल्या. "मग किती?"

"सहा पूर्णांक सात दशांश."

"का?"

"दोन तृतीयांश लागूच होत नाही. आपले कण आडवे पडलेत."

गजर टिपेला गेला होता. सरांनी कपाळ पुढे केलं. तिने बुक्का लावला, पाया पडली. एरवी ते भरभरून आशीर्वाद देत. आज त्यांनी फक्त चिपळ्या खाली ठेवल्या.

ती जागेवर येऊन बसली. साथीला बसलेल्या दिपेशने तबला थांबवला.

"काय गं, काय बोललीस त्यांना?" विमलाबाई कुजबुजल्या. "चेहरा बघ कसा झालाय."

"मंडळी," सर म्हणाले, "मघाशी मी एक आकडा चुकीचा सांगितला. तो दुरुस्त झाल्याशिवाय मला पुढचं आख्यान लावता येणार नाही. संचिता, इथे ये." आणि ते गादीवरून बाजूला झाले.

"सर, मला गाता नाही येत."

"आकड्याला चाल लागत नाही. ये."

ती उभी राहिली. तिने माइक हातात घेतला. समोर सगळे आजी-आजोबा. तिला सुचलं ते ती बोलत गेली. "गच्चीवर आपण पापड वाळत घालतो ना, तसे हे कण आहेत. पापड जागच्या जागी गोल फिरेल, पण कडेवर उभा नाही राहणार. अशा पापडांची चळत लावली, तर गणितात धरायचा आकडा दोन तृतीयांश नाही, अर्धा येतो. आणि मग सातचे सहा पूर्णांक सात दशांश होतात."

"म्हणजे अण्णांचं चुकलं?" विमलाबाईंनी खणखणीत विचारलं.

संचिताने सरांकडे पाहिलं नाही. "हो. आणि मी डोळे मिटून घेतलं. म्हणजे माझंही."

तिसऱ्या रांगेतून एक अनोळखी गृहस्थ उठले. "चळतीचं पटलं. पण पापड एकाच चादरीवर शेजारी शेजारी असतील तर?"

तेही तिने दुपारी करून पाहिलं होतं. "तर सव्वा. तिथे कमी नाही होत, वाढतं."

"नक्की?"

"नक्की."

तेवढ्यात सर पुढे आले आणि तिच्यापुढे वाकले. नारदांच्या गादीवर जो उभा असेल त्याच्यापुढे वडीलधारेही वाकतात, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने पाय चोरले.

"पाय मागे घेऊ नकोस," सर म्हणाले. "गादीवर आहेस."

तिसऱ्या रांगेतले गृहस्थ अजून उभेच होते. "अण्णा," ते म्हणाले, "मी समोर बसलोय हे माहीत असून तुम्ही हिला तिथे उभं केलंत. आता उद्या दहा वाजता मी हिला विचारू तरी काय?"