एकही तार नव्हती

दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या पंपघरात चार पंप, क्लोरीनच्या दोन टाक्या आणि एक कंट्रोल पॅनेल होतं. पॅनेलला इंटरनेटची तार एकही नव्हती. दोनदा मोजून मी तसं अहवालात लिहिलं.

माझे वरिष्ठ अण्णासाहेब पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "रेवती, पॅनेल नेटला जोडणं म्हणजे घराची किल्ली दारातच टांगणं. चलो, आता गेटपाससाठी आधार दे आणि या यंत्रावर अंगठा ठेव."

दिल्लीत भेटलेलं आपलं माणूस. मी लगेच ठेवला.

गेल्या रविवारी कुणीतरी बाहेरून क्लोरीनचं प्रमाण पाचपट केलं. पंप बंद करून शोधलं, तेव्हा पॅनेलच्या मागे सिमकार्ड घातलेला मोडेम सापडला.

चौकशी समितीपुढे मीच म्हणाले, "घरबसल्या पंप चालवायची हौस कुणाला होती, ते सिमच्या नोंदीवरून कळेल."

"बिल्कुल," अण्णासाहेब म्हणाले. "नोंद मागवाच."

दुसऱ्या दिवशी समितीने नोंदीचा कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावरचा आधार क्रमांक मी माझ्या कार्डाशी एकेक आकडा ताडून पाहिला.



बारापैकी बारा जुळले.