मागच्या उतारावरची बाई

तपासणीला आलेल्या साहेबांनी शेताचा बांध ओलांडला आणि रंगूबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. पदर तिचा नव्हता. आजच्या दिवसापुरतं नावही तिचं नव्हतं. आज ती सगुणाबाई होती, सातबाऱ्यावरची मालकीण, आणि शेजारी उभा असलेला कमलेश तिचा मुलगा.

खऱ्या सगुणाबाई घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर राहायच्या. शेतात पाऊल ठेवून त्यांना नऊ वर्षं झाली होती. पण कमलेशला इथं कृषी पर्यटन काढायचं होतं, आणि नोंदणीच्या तपासणीला मालकीण स्वतः शेतात राबताना दिसायला हवी होती. आईला ऊन सोसत नव्हतं. मग त्याला रंगूबाई आठवली. चाळीस वर्षं हे शेत तिच्याच हातानं पिकत होतं. आणि आधार कार्डाच्या झेरॉक्सवरचा फोटो इतका काळा आला होता, की कुठलीही म्हातारी त्यात खपून गेली असती.

रंगूबाई उगाच तयार झाली नव्हती. मागच्या उतारावर, जंगलाच्या जागेत, तिची झोपडी होती आणि नाचणीचा एक तुकडा. सासऱ्यापासूनचा. त्याच्यासाठी तिनं वनहक्काचा दावा लावला होता. कागद एकही नव्हता. शेजारच्या जुन्या माणसाची साक्ष चालेल, असं तिला सांगितलं होतं, आणि शेजारी म्हणजे सगुणाबाई. तेवढी तपासणी होऊ दे मावशी, आईची साक्ष मी स्वतः आणून देतो, असा कमलेशनं शब्द दिला होता. लहानपणी तो तिच्याच कडेवर वाढलेला. तिनं विश्वास ठेवला.

साहेब महिन्याभरापूर्वी बदलून आले होते आणि काम मनापासून करत होते. भाताची आवणी कधी केली, बी कुठलं, रोपांसाठी राब कुठं भाजता, सगळं त्यांनी विचारलं. रंगूबाईनं सगळं सांगितलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. तिला आजवर कुणी इतकं विचारलंच नव्हतं, त्यामुळं ती जरा खुललीसुद्धा. जबाबाखाली तिनं सगुणाबाईच्या नावानं अंगठा दिला.

ती झोपडी कुणाची, साहेबांनी उताराकडे हात करून विचारलं. पाहुण्यांना दाखवायला बांधलीय, कमलेश म्हणाला, फोटोबिटो काढतात लोक. झोपडीत चुलीवर रंगूबाईचा सकाळचा भात होता. हे बोलणं आधी ठरलेलं नव्हतं. तपासणीपुरतं बोलत असेल, असं तिनं मनाला समजावलं.

वनहक्काच्या दाव्यांची चौकशीही साहेबांकडेच होती. त्यांनी पिशवीतून दुसरी फाईल काढली.

"बरं झालं तुम्ही भेटलात, सगुणाबाई. या उतारावर कुणा रंगूबाईंचा दावा आलाय. साक्षीदार म्हणून तुमचं नाव दिलंय त्यांनी. ओळखता ना? तुमचा जबाब मिळाला तर त्यांचं काम पुढं सरकेल."

रंगूबाईनं बोलायला तोंड उघडलं.

"ती मेली, साहेब," कमलेश मध्येच म्हणाला. "दोन वर्षं झाली. आई, सांग ना साहेबांना."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. तो उताराकडे बघत होता, आपल्या मोकळ्या जागेकडे बघावं तसा. तेव्हा तिला सगळं कळलं. मीच ती रंगूबाई, असं ती म्हणू शकली असती. पण खरं बोलायला आधी खोटी ठरावं लागणार होतं. पहिल्या जबाबाखालचा अंगठा अजून ओला होता. दुसऱ्याच्या नावानं अंगठा देणाऱ्या बाईचा दावा कोण ऐकणार? पायाखालची जमीन तिनंच चिखलणी केलेली होती आणि तिच्यावर उभं राहून तिला स्वतःचं नाव सांगता येईना.

"हो," ती म्हणाली. "मेली ती."

साहेबांनी जबाब लिहून घेतला, शाईचं पॅड पुढं केलं. तिनं अंगठा टेकवला. पॅड मिटता मिटता साहेब हळहळले. बाई कशी होती हो, त्यांनी सहज विचारलं.

"येडी होती, साहेब," रंगूबाई म्हणाली.