सारवण

शिनोलीच्या शाळेत पुण्याहून आलेल्या रुपाली मॅडम डोंगर का खचतो ते समजावून सांगत होत्या. परातीत उतरती माती थापून त्यांनी वरून तांब्याभर पाणी सोडलं. माती आधी तडकली, मग धपकन खाली आली. बाया हळहळल्या.

"डोंगर एकदम येत नाही," मॅडम म्हणाल्या. "तो आधी सांगतो. दारं अडकायला लागतात. घरातल्या भुईला भेग पडते. बुजवली तरी पुन्हा तिथंच उघडते."

बायांत बसलेली सुंदराबाई पुढं सरकली. गेल्या पावसाळ्यात वरच्या वस्तीवर, तिच्या घरात चुलीपासून उंबऱ्यापर्यंत अशीच भेग पडली होती. सून निर्मला शेणमातीनं बुजवायची आणि दोन दिवसांत भेग पुन्हा आ वासायची. त्यावरून सुंदराबाईनं पोरीला काय काय ऐकवलं! हाताला वळण नाही म्हणाली, आईनं काही शिकवलं नाही म्हणाली. मोठा पाऊस लागायच्या आत मायलेक मेंढरं घेऊन अवसरीकडे निघाले, तेव्हा निर्मलाही बोचकं बांधून तयार होती. सासूनं तिला दारातूनच मागं फिरवलं.

"आधी भुई नीट सारव. मंग ये मागनं."

मागनं ती आलीच नाही. त्याच आठवड्यात डोंगर उतरला आणि घरासकट तिला घेऊन गेला.

सुंदराबाई कधी उठून उभी राहिली, तिचं तिलाच कळलं नाही.

"आजी, काही विचारायचंय?" मॅडम म्हणाल्या.

विचारायचं पुष्कळ होतं. तोंडातून एवढंच निघालं, "मॅडम, मंग सारवण चांगलं व्हतं ना?"

मॅडमना नीटसं कळलं नाही, पण त्या हसल्या नाहीत. "खालची जमीनच सरकत असेल तर सारवण काय करणार, आजी? कितीही चांगलं असलं तरी फुटणारच."

सुंदराबाई वळली. मुलगा मच्छिंद्र मागच्या भिंतीला टेकून बसला होता. ती जाऊन त्याच्यापुढं बसली.

"आयकलंस का रं? तिचा हात लई चांगला व्हता."

मच्छिंद्रनं मान वर केली नाही.

"मला तवाच ठावं व्हतं, आये," तो म्हणाला. "मीच बोललो न्हाई."