कॅरिनचा पत्ता कुणी पाहिला?

"हे घे, आलं एकदाचं!" म्हणत ग्लेनिसनं पाकीट काउंटरवर ठेवलं, आणि मार्लिसनं हात मागे घेतला.

तीन वर्षं ही बाई या पाकिटासाठी स्टेनफोर्सच्या पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवत होती. शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म गेलेला, गुडघे कामातून गेलेले, तरी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी हजर. ग्लेनिस तिथं नोंदी सांभाळायची. मार्लिसचा पहिला अर्ज तिनंच घेतला होता आणि त्याला आलेला पहिला नकारही तिनंच टाइप केला होता.

अर्ज तसा साधाच होता. मार्लिसची लेक कॅरिन नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून लांबच्या गावी राहायला गेली होती. पत्ता तिनं कुणालाच दिला नाही, आईलासुद्धा नाही. कोर्टानंही तो गुप्त ठेवलेला. गाडीच्या परवान्यामुळे तो पोलिसांच्या संगणकात तेवढा होता. आणि तरी एका डिसेंबरात तिचा नवरा कर्ट बरोब्बर तिच्या दारात जाऊन उभा राहिला. कॅरिनला तीस पूर्ण होऊन आठवडाही झाला नव्हता.

तिच्या खुनाबद्दल कर्टला जन्मठेप झाली. पत्ता कुठून मिळाला, ते मात्र त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. मार्लिसला एवढंच हवं होतं, की संगणकात कॅरिनची नोंद कुणी कुणी उघडून पाहिली.

"ती यादी गोपनीय आहे," ठाण्यानं कळवलं. मार्लिसनं राज्याच्या कचेरीत अपील केलं. फेटाळलं गेलं. तिनं पुन्हा केलं. म्हातारी पोलिसांच्या मुळावर उठलीय, असं गावात लोक बोलू लागले. ठाण्याचे साहेब तर तोंडावर म्हणाले, "बाई, गेलेल्या लेकीला आता शांत झोपू द्या." ग्लेनिसला त्या दिवशी असा संताप आला होता, की नोकरी गेली चुलीत, छापून द्यावी यादी! पण तसं केलं असतं तर तीच तुरुंगात गेली असती.

एक गोष्ट मात्र तिला कळत नव्हती. मार्लिसनं वकील घेतला नाही. वर्तमानपत्रवाला घरी आला, त्यालाही कॉफी पाजून परत पाठवलं.

"अगं, जरा आरडाओरडा कर की! असं मिळमिळीत राहून कोण दाद देणार तुला?" ग्लेनिस एकदा म्हणाली होती.

"मला कुणाला शिक्षा नाही करायची गं. नावं हवीत. सगळी."

"एक सापडलं तरी खूप झालं."

"नाही. सगळी."

आज राज्याच्या हुकमानं ती यादी आली होती.

"उघड ना," ग्लेनिस म्हणाली.

"तूच उघड. माझा हात उठत नाही."

ग्लेनिसच्या मनात दोन नावं पक्की होती, मार्लिसलाही तिनं ती सांगितली होती. कर्टबरोबर हिवाळ्यात तळ्यावरचा बर्फ फोडून मासे धरायला जाणारे दोन शिपाई. त्यांच्यापैकीच कुणीतरी असणार. तिनं पाकीट फाडलं, चष्मा सारखा केला आणि वाचलं.

"चौदा नोव्हेंबर. आर्लेन ट्वेट." तिचा विश्वासच बसेना. "आपल्याच ठाण्यातला आर्लेन? रविवारी चर्चमध्ये सगळ्यांना हात देऊन बसवायचा, तो? देवमाणूस समजत होते गं मी त्याला! म्हणून निवृत्त होऊन गाव सोडून गेला होय!"

"खाली बघ," मार्लिस म्हणाली.

"खाली काही नाही."

"मागे?"

"कोरं आहे."

"नीट बघ गं ग्लेनिस. एखादं तरी दुसरं नाव असेल. ते मासे धरणारे दोघे असतील. कुणीही असेल."

"एकच आहे. मिळाला ना तुझा गुन्हेगार? आता अजिबात सोडू नकोस मेल्याला!"

मार्लिसनं कागद मागून घेतला. वरून खाली वाचला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग भिंतीलगतच्या बाकावर बसली आणि रडू लागली. तीन वर्षांत ग्लेनिसनं तिच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब पाहिला नव्हता. ती काउंटरमागून धावत बाहेर आली आणि तिच्याशेजारी टेकली.

"तो नको म्हणत होता गं," मार्लिस म्हणाली.

"कोण?"

"आर्लेन. नियमात बसत नाही म्हणाला. मीच त्याला गळ घातली. लेकीचा तिसावा वाढदिवस आहे, एकटी पडलीय बिचारी, गावानं चार कार्डं पाठवली तर तिला बरं वाटेल, म्हटलं." तिनं हातातला कागद गुडघ्यावर सपाट केला. "त्यानं पत्ता दिला, आणि कुणी धड वाचतही नाही त्या घरोघरी जाणाऱ्या चर्चच्या पत्रकात, एका कोपऱ्यात, मीच तो छापायला दिला."